सतरा नंबर गैरहजर

१

आबा पडले ते साडेचारच्या जरा आधी. पाचला दहा मिनिटं कमी असताना मी त्यांच्या टोकनपुढे स्वच्छ अक्षरात ‘गैरहजर’ असं लिहून मोकळी झाले. सव्वीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहितेय, पण इतकी खोटी नोंद माझ्या हातून दुसरी झालेली नाही.

मी नियोजन कार्यालयात लघुलेखिका आहे. ऑफिसात मला टिपणबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. उपनगरी रेल्वे आणखी सहा स्टेशनं पुढे न्यायची ठरली, तेव्हा रूळ कुठून न्यायचे यावर लोकांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये जनसुनावणी ठेवली. वाटा दोन होत्या. एक गल्लीतून, चौसष्ट घरं पाडून. दुसरी मागच्या ओसाड मालधक्क्यावरून, जिथे कुत्र्यांशिवाय कोणी राहत नाही. पण मालधक्क्याची जमीन भुसभुशीत आहे, रूळ पेलणार नाही, असा इंजिनिअरचा अहवाल होता. म्हणजे पाळी गल्लीवरच. घर जाईल त्याला नव्या इमारतीत फ्लॅट मिळणार होता.

त्या गल्लीत माझी ताई राहते. तीस वर्षं झाली. मी साहेबांना आधीच सांगितलं, माझी सख्खी बहीण तिथे आहे, दुसरं कोणी पाठवा. ते म्हणाले, तुम्हाला मत कोणी विचारलंय, लिहायला सांगितलंय. बरं बाबा, म्हटलं.

सुनावणीची पद्धत साधी होती. दारात आमचा संवाद अधिकारी बसायचा. लोकांशी गोड बोलणं हीच त्याची नोकरी, म्हणून सगळे त्याला गोडबोल्या म्हणत. बोलायचं असेल त्याने त्याच्याकडून पितळी टोकन घ्यायचं, नंबर पुकारला की माइकवर यायचं. माणशी तीन मिनिटं. गल्लीच्या समितीचे सचिव माझे भावजी, ताईचे यजमान. माणूस शिस्तीचा. त्यांनी दोन संध्याकाळी ओट्यावर लोकांची तालीम घेतली. पुढच्याने आधीच्याचं संपेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं नाही. आधीचा बोलत असतानाच माइकशेजारी येऊन उभं राहायचं, एक मिनिट फुकट जाता कामा नये. शिंपीणबाई एकदा उशिरा उठल्या तर भावजींनी चारचौघांत त्यांना झापलं होतं.

मलाही त्याचा फायदा झाला. बोलणारे आपली ओळख माइकमध्ये पुटपुटतात, काही कळत नाही. म्हणून शेजारी कोण उभं आहे ते मी आधीच समासात टिपून ठेवते. सवय आहे.

बारा जण बोलले. सव्वाचारला चहाची सुट्टी झाली. साडेचारला पुन्हा सुरू. आणखी तीन जण बोलले, मग सोळा नंबरच्या इस्त्रीवाल्याने तीन मिनिटांतली अडीच रडण्यात घालवली. चौथ्या मजल्यावर माझ्याकडे कपडे कोण घेऊन येणार, एवढंच काय ते समजलं. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या भावजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे तो खाली बसला. अध्यक्षबाईंनी सतरा नंबर पुकारला. दोनदा पुकारला. कोणी उठलं नाही. मग अठरा नंबर, म्हणजे भावजी. त्यांनी विचारलं की घरं गेलीच तर फ्लॅट किती महिन्यांत मिळतील, कितव्या मजल्यावर, आणि भिंती सुक्या असतील ना. एवढ्यात त्यांची तीन मिनिटं संपली.

साडेसहाला सगळं आटोपल्यावर शिपाई खुर्च्या ठेवायला स्टेजमागच्या खोलीत गेला आणि ओरडतच बाहेर आला. खोलीत उतरायला तीन दगडी पायऱ्या आहेत. आबा खाली पालथे पडले होते. डोकं लोखंडी खुर्च्यांच्या थप्पीवर आपटलेलं. खांद्याची पिशवी बाजूला, तोंड उघडं, आत चष्म्याच्या डबीशिवाय काही नाही. आणि उजव्या मुठीत सतरा नंबरचं टोकन.

२

आबा म्हणजे रेल्वेचे जुने गँगमन. पस्तीस वर्षं हातोडा घेऊन रूळ तपासत चालले. निवृत्त झाल्यावर त्याच मालधक्क्यावर राखणदार होते. आठ दिवस ते गल्लीत सांगत फिरत होते की सुनावणीत मी बोलणार आहे. काय बोलणार, असं विचारलं की म्हणायचे, तिथंच ऐका.

फौजदाराचा लेखनिक रजेवर होता, म्हणून दुसऱ्या दिवशी जबाब उतरवायला मलाच बसवलं. फौजदार सावकाश माणूस. खिशातून पेपरमिंटची गोळी काढायचा, चघळायचा, ती संपली की पुढचा प्रश्न. त्याने सांगितलं की डॉक्टरांच्या मते मार एकदम जिवावर बेतलेला नव्हता. म्हातारा अर्धा तास तरी जिवंत असावा. वेळेवर कोणी उचललं असतं तर कदाचित वाचला असता. त्या अर्ध्या तासात आम्ही पलीकडे बसून चहा पीत होतो, आणि नंतर त्यांचा नंबर पुकारत होतो.

पहिला गोडबोल्या. त्याने सांगितलं की आबा आणि भावजी बरोबरच आले, म्हणून त्यांना सतरा आणि अठरा असे लागोपाठ नंबर दिले. सुट्टीत तो चहाच्या बादलीपाशी होता आणि चाळीस माणसांनी त्याला पाहिलं होतं. तो सुटला.

मग इंजिनिअर. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुट्टीत कुठे होता? हॉलच्या मागे, सिगरेट ओढत. कोणी पाहिलं? कोणी नाही. आबांना ओळखत होता? मालधक्क्यावर कधीतरी पाहिलं असेल. बोलता बोलता त्याने तीनदा घाम पुसला. फौजदाराने माझ्याकडे पाहिलं आणि नवी गोळी तोंडात टाकली.

शेवटी भावजी. आबा बापासारखे होते म्हणाले. सुट्टीत त्यांच्या हातात चहाचा पेला पाहिला, मग गर्दीत दिसेनासे झाले.

“आणि सुट्टीनंतर? हॉलमध्ये नाहीत हे लक्षात आलं नाही?” फौजदाराने विचारलं.

“नाही हो. मला वाटलं, मागे कुठेतरी बसलेत. सतरा नंबर पुकारला आणि उठले नाहीत, तेव्हा मीसुद्धा सगळ्यांसारखाच चपापलो.”

मी शब्द न् शब्द उतरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं, मी उठून त्यांना पाणी दिलं. जाताना हळूच म्हणाले, ताईला अजून सगळं सांगितलेलं नाही, तिला धाप लागेल.

फौजदाराचा एकच हेका होता. आबांच्या पिशवीत काहीतरी होतं, आणि ते ज्याला नको होतं त्याने नेलं.

ते काय होतं, हे तिसऱ्या दिवशी कळलं. आणि ते कोणीच नेलेलं नव्हतं.

३

सुनावणीच्या दारात लेखी हरकतींची पेटी होती. कुलूप लावून लाख ओतलेली. मुदत संपली की अध्यक्षबाईंसमोरच उघडायची, असा नियम. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडली. चारशे बारा कागद, आणि तळाशी रबर लावलेली एक तपकिरी वही.

ती आबांची राखणदारीची वही होती. इंजिनिअरच्या अहवालात लिहिलं होतं की मालधक्क्यावर त्रेचाळीस दिवस मशीन लावून जमीन खणली, माती तपासली. आबांच्या वहीतही तेच त्रेचाळीस दिवस होते. रोज एक ओळ, मोठ्या, वाकड्या अक्षरात. आज मशीन आलं नाही. आज मशीन आलं नाही. एके दिवशी लिहिलं होतं, मशीन आलं, बंद पडलं, नेलं. त्यानंतर पुन्हा तेच.

वहीत हरकतीचा फॉर्म घडी घालून ठेवला होता. तो अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचला. “इथं खणलंच नाही. बाकीचं माझा नंबर आल्यावर तोंडी सांगेन. माझं वय झालंय. मध्येच काही झालं तर वही वाचावी.”

हॉलमध्ये शिरतानाच, टोकनाच्या गर्दीत कोणाच्या लक्षात न येता, म्हाताऱ्याने वही पेटीत टाकली होती. रेल्वेत जन्म गेलेला माणूस. कागद जागच्या जागी पोचल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

इंजिनिअर तिथल्या तिथे खुर्चीत कोसळला. कबूल केलं त्याने. मशीन बिघडलं, मुदत डोक्यावर आली, दुसऱ्याच एका जागेचे आकडे उतरवून अहवाल दिला. पण आबांच्या अंगाला बोटही लावलं नाही म्हणून तो रडत होता. चोराच्या रडण्यावर कोण विश्वास ठेवतो? फौजदार त्याला घेऊन गेला. मी म्हटलं, बरं झालं. चौसष्ट घरांवर नांगर फिरवायला निघाला होता मेला.

अध्यक्षबाईंनी जाहीर केलं की मालधक्क्याची चाचणी नव्याने होईल आणि सोमवारी सुनावणी पुन्हा भरेल. गल्लीत लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. संध्याकाळी ताईचा फोन आला. घर वाचलं म्हणतात, तिने सांगितलं, पण आवाजात आनंद नव्हता. “ह्यांनी तीन दिवस अन्नाला हात लावला नाहीये गं. आबांचं फार लागलंय त्यांना. तू येऊन जरा समजाव.”

येते, म्हटलं. आधी सोमवारसाठी इतिवृत्त टाइप करायचं होतं.

४

माझं लघुलेखन माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. इतक्या वर्षांत रेघा माझ्या हाताच्या झाल्यात, नव्या मुलींना त्या कोंबडीच्या पायांसारख्या दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडून बसले आणि सोळा नंबरपर्यंत आले. इस्त्रीवाला. त्याचं रडणं कंसात लिहायचं की नाही याचा विचार करताना माझी नजर समासात गेली.

तिथे लिहिलं होतं, ‘भा’.

भा म्हणजे भावजी. सोळा बोलत असताना माइकशेजारी भावजी उभे.

प्रथम मला काहीच वाटलं नाही. मग हात टाइपरायटरवरून आपोआप खाली आले. सोळानंतर सतरा. शेजारी उभं राहायचं तर आबांनी. भावजींचा नंबर अठरा. त्यांनी सतरा बोलायला लागल्यावर उठायचं.

मी मागची पानं चाळली. बारा जणांच्या समासात पुढचाच माणूस होता, एकही चूक नाही. सुट्टीनंतरही तेच. चूक फक्त एकाची, ज्याने सगळ्यांना शिकवलं त्याची. शिस्त हाडीमाशी मुरली की माणूस तिच्यापुढे विचार करत नाही. सोळा बोलायला लागला, आता आपली पाळी, पाय चालायला लागले. सतरा येणार नाही हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

मी स्वतःशी वकिली करून पाहिली. आबा दिसले नाहीत म्हणून ते आधीच उठले असतील? पण आबा हॉलमध्ये नाहीत हे ठाऊकच नव्हतं, नंबर पुकारल्यावर चपापलो, हा त्यांचा जबाब माझ्याच अक्षरात होता. गोंधळ झाला असेल? टोकन मुठीत घेऊन बसलेला माणूस, ज्याने दोन संध्याकाळी तालीम घेतली, तो गोंधळेल?

आणि मग त्यांचं भाषण. गल्ली वाचवायला उभा राहिलेला सचिव तीन मिनिटांत मालधक्क्याचं नावही काढत नाही. विचारतो काय, तर फ्लॅट कधी मिळतील आणि भिंती सुक्या आहेत का. सुक्या भिंती कोणाला हव्या होत्या, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. ताईला दम्याने पोखरलंय. डॉक्टर दोन वर्षं सांगताहेत, त्या ओलीतून तिला हलवा.

समासातलं टिपण इतिवृत्तात जात नाही. मी ते एक अक्षर खोडलं असतं तर जगात कोणाला कळलं नसतं. इंजिनिअर तसाही लबाड. ताईचा नवरा ताईपाशी राहिला असता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी खोडरबर हातात घेतलं, हेही सांगून टाकते.

मग वही पर्समध्ये घातली आणि गल्लीत गेले.

५

ताईच्या घरात शिरलं की आधी ओलीचा वास येतो. पलंगाकडच्या भिंतीला खालून वर ओल चढते. भावजी दर आठवड्याला तिथे वर्तमानपत्रं चिकटवतात, ओली झाली की काढून सुकी लावतात. मी गेले तेव्हा तेच चाललं होतं. ताई तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपली होती. झोपेतही खोकत होती.

मी आतल्या खोलीत गेले, ते मागोमाग आले. मी वही उघडून समासावर बोट ठेवलं आणि काय लिहिलंय ते सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. ते पिठाच्या डब्यावर बसले आणि हातातला कागद दुमडत राहिले.

मग सांगत गेले. आबांनी आदल्या दिवशी त्यांना वही दाखवली होती, विश्वासाने, समितीचे सचिव म्हणून. समितीत सगळे म्हणत, घरं वाचली पाहिजेत. तेही म्हणत. आणि घरी येऊन रात्रभर ताईचा श्वास मोजत. फ्लॅट मिळाला असता तर ती चार वर्षं जास्त जगली असती, असं त्यांचं गणित. सुट्टीत त्यांनी आबांना त्या खोलीपाशी नेलं, हात जोडले, ही वही दाखवू नका म्हणाले. आबा म्हणाले, तुझ्या बायकोसाठी जीव तुटतो माझा, पण त्रेसष्ट घरं आणखी आहेत.

“मी ढकललं नाही गं. पिशवी ओढली. ते सोडेनात. मग पट्टा माझ्या हातात आला आणि ते गेले खाली.” ते थांबले. “आणि पिशवी रिकामी होती.”

“ते हलत होते?”

भावजींनी कागदाची आणखी एक घडी घातली.

“भावजी, आबा हलत होते का?”

“हात हलत होता,” ते म्हणाले. “तेवढ्यात साडेचारची घंटा झाली.”

मला त्यांच्याकडे बघवेना. ओट्यावर पाण्याचा तांब्या होता, त्याच्याकडे बघत उभी राहिले. याच माणसाने माझ्या वडिलांना शेवटी खांदा दिला होता, माझ्या आजारपणात रोज डबा पोचवला होता.

मग मी इंजिनिअरचं विचारलं. तो कुठे धुतल्या तांदळासारखा आहे, ते पुटपुटले.

“लबाड आहे. पण आबांना अर्धा तास मरत ठेवून हॉलमध्ये येऊन बसला तो नाही.”

मी त्यांना सांगितलं, तुम्ही आपण होऊन फौजदाराकडे गेलात तर बरं, नाहीतर मला जावं लागेल. ते म्हणाले, हिचं कोण करील? मी वही मिटली, आणि मग आमच्या लक्षात आलं की बाहेर खोकल्याचा आवाज कधीचा थांबलाय.

६

ताई दारात उभी होती, चौकटीला धरून. किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. तिने खुंटीवरचा स्वेटर काढला, त्यांच्या अंगात घातला, बटणं लावली. वरचं बटण तिला लागेना, ते त्यांनी स्वतः लावलं. मग ती मला म्हणाली, तू ह्यांच्याबरोबर जा, वाटेत एकटं सोडू नकोस. फौजदाराची चौकी दहा मिनिटांवर आहे. आम्हाला अर्धा तास लागला.

सोमवारी सुनावणी पुन्हा भरली. इंजिनिअर आला होता, खुनातून सुटलेला, नोकरीतून गेलेला. सचिवांची खुर्ची रिकामी होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. मी उठून अध्यक्षबाईंना सांगितलं की त्यात एक दुरुस्ती आहे. ‘टोकन सतरा: गैरहजर’ हे काढून ‘टोकन सतरा: म्हणणे लेखी दाखल’ असं करावं. कोणाची हरकत आहे का, त्यांनी विचारलं. कोणाचीही नव्हती. इस्त्रीवाला तेवढा उभा राहिला आणि दुरुस्ती वाचून होईपर्यंत उभाच राहिला.

दोन महिन्यांनी मालधक्क्याची जमीन खणली. खाली कातळ निघाला. रूळ तिकडून जाणार, चौसष्ट घरं जागच्या जागी राहणार.

मी ही बातमी घेऊन ताईकडे गेले. तिला ती आधीच कळली होती. सकाळीच कोणीतरी दारात पेढ्यांचा पुडा ठेवून, दार न वाजवता गेलं होतं. पुडा तसाच होता. मी म्हटलं, ताई, चल माझ्याकडे, एका खोलीत दोघी राहू. ती म्हणाली, ते सुटून आले तर कुठे येतील?

मग तिने पाठीमागची उशी सरळ केली. बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

“त्यांना मला इथून बाहेर काढायचं होतं,” ती म्हणाली. “तू मला इथेच ठेवलंस.”

पलंगाजवळच्या भिंतीवरचे कागद भिजून सुटायला आले होते. मी ते एकेक करून काढले आणि त्यांच्या जागी सुके लावले.